वानराचा 'कॉल' निघतो कुठून आणि पोहोचतो कुठे?

पावसाळ्याची सुट्टी संपून ऑक्टोबरात पेंच, ताडोबाची गेटं उघडली की नागपूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कॉल'ची, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर जनावरांनी केलेल्या ओरड्याची, चर्चा सुरू होते. 'सिल्लारीला सकाळी तुफान कॉल होता.' 'कॉल मिळाला, पण साइटिंग नाही झाली.' 'गाइड म्हणे वानर ओरडून राहिलं, थांबा. थांबलो, तर वाघ थेट रस्त्यावर!' मग वाघाचे ढीगभर फोटो येतात. ज्या वानरानं वाघाचा पत्ता दिला, त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

पत्ता दिला, असं आपण सहज म्हणून जातो. पण त्यानं तो खरंच दिला का? की ते नुसतं घाबरून ओरडलं, आणि वाघाचा पत्ता चितळांनी आणि गाइडनं आपापल्या डोक्यानं काढला? प्रश्न साधा वाटतो, पण प्राण्यांच्या आवाजावर काम करणारी मंडळी कित्येक दशकं त्याच्याशी झटताहेत. त्यात २०२४ साली मार्मोसेट नावाची चिमुकली माकडं एकमेकांना जणू नावानं हाका मारतात, अशी बातमी आली आणि 'आता एआय माकडांची भाषा उलगडणार' असे व्हिडिओ फॉरवर्ड व्हायला लागले. म्हणून आधी मेंदूत काय चालतं ते नीट पाहू. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: माकडांच्या 'बोलण्या'चं आपण गरजेपेक्षा जास्त कौतुक करतो, आणि त्यांच्या ऐकण्याकडे मात्र बघतही नाही.

काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. बाकी सगळ्या जातींना मी या लेखात माकड म्हणणार आहे.

## गाइड कान कमी, डोळे जास्त वापरतो

पेंचमध्ये जिप्सी बंद करून उभे राहिलात तर वानराचा कॉल ओळखायला वेळ लागत नाही. घोगरा, तुटक, घशातून फेकलेला आवाज: खॅक्… खॅक्-खॅक्. मध्ये थोडी शांतता, पुन्हा खॅक्. ओरडणारं वानर सागाच्या किंवा साजाच्या शेंड्याजवळ ताठ बसलेलं असतं. खाणं थांबलेलं, शेपटी सरळ खाली लोंबलेली, मान एका दिशेला रोखलेली. मुरलेला गाइड आवाज ऐकतो आणि लगेच त्या मानेकडे बघतो. 'तो जिथं पाहून राहिला ना साहेब, तिथंच जनावर आहे.' वानराची मान हळूहळू वळायला लागली, म्हणजे वाघ चालतो आहे. ती किती वळली यावरून गाइड ड्रायव्हरला पुढचं वळण सांगतो.

पहाटे नराचा घुमणारा, लांबवर जाणारा 'हूप' ऐकू येतो तो हा नव्हे. नवखे पर्यटक त्यावरच गाडी थांबवायला लावतात, आणि गाइड बिचारा काही बोलत नाही.

खाली चितळं असतात. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास आधी लागतो. वानरं झाडावरून पानं-फळं सांडतात, ती चितळं खातात. खॅक् ऐकू आलं की चितळांच्या माना वर, शेपट्या उभ्या, पुढचा पाय जमिनीवर आपटणं सुरू. गाइड लोकांचा हिशेब असा, की चितळ कशालाही बिचकतं. वानराचा आणि सांबराचा कॉल पक्का.

या प्रसंगात दोन वेगवेगळी कामं झाली. एका मेंदूनं आवाज काढला, दुसऱ्या मेंदूंनी त्यातून अर्थ काढला. या दोन कामांची मेंदूतली यंत्रणा सारखी नाही.

## आवाज निघतो तो मेंदूच्या तळघरातून

माकडाच्या आवाजाचा मेंदूतला मार्ग शोधण्याचं मोठं काम म्युनिकमध्ये झालं. डेटलेव्ह प्लोग आणि उवे युर्गेन्स यांनी १९६० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं स्क्विरल मंकी या दक्षिण अमेरिकेतल्या लहानशा माकडावर काम केलं. मेंदूत बारीक तार घालायची, हलकासा विद्युतप्रवाह सोडायचा आणि माकड कुठल्या जागी आवाज काढतं ते नोंदायचं. आवाज निघाले, आणि तेही खोटे-खोटे नाहीत. कळपात माकड काढतं तेच.

सगळ्यात महत्त्वाची जागा निघाली मध्यमेंदूत. तिथून एक अरुंद नळी जाते आणि तिच्याभोवती करड्या पेशींचा थर असतो. त्याचं शास्त्रीय नाव पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे. आपण त्याला करडा थर म्हणू. भीती, राग, ताटातूट, खाणं दिसल्याचा आनंद अशा भावना इथं येऊन आवाजाला जुंपल्या जातात. करड्या थराचा हुकूम खाली मेंदूच्या देठात जातो. तिथल्या पेशी स्वरयंत्र, छाती, जबडा, जीभ यांच्या स्नायूंना एकाच वेळी कामाला लावतात. श्वास किती सोडायचा, स्वरतंतू किती ताणायचे, तोंड किती उघडायचं हे सगळं तिथं आधीच बांधलेलं असतं. हा करडा थर निकामी झाला, की माकड मुकं होतं.

युर्गेन्सनं १९७६ मध्ये आणखी एक हुशारीचा प्रयोग केला. पिंजऱ्याचे दोन भाग. एका भागात गेलं की मेंदूतला प्रवाह सुरू, दुसऱ्यात गेलं की बंद. म्हणजे हा प्रवाह हवा की नको, ते माकड स्वतःच सांगणार. बहुतेक जागी आवाजासोबत सुखाची किंवा त्रासाची भावनाही जागी होत होती. आधी भावना, मागून आवाज. थोड्याच जागा अशा सापडल्या, जिथं आवाज निघाला आणि माकडाला त्याचं ना सुख ना दुःख.

त्या थोड्या जागांपैकी एक मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, पुढच्या बाजूला आहे: अँटीरिअर सिंग्युलेट. आपण तिला मधली पट्टी म्हणू. ही पट्टी करड्या थराच्या वर बसते आणि त्याला मोकळं सोडते किंवा आवरून धरते. ऱ्हीसस माकडांना इशाऱ्यावर आवाज काढायला शिकवलं आणि मग ही पट्टी काढून टाकली, तर शिकवलेलं ते विसरली. पण माणसात ज्याला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात आणि जे बोलण्यासाठी कळीचं मानतात, त्याच्या जोडीची जागा माकडात काढून टाकली, तर आवाजावर ढिम्म परिणाम झाला नाही.

## बटण हातात आहे, सूर हातात नाही

घराच्या दारावरची बेल आठवा. ती कधी वाजवायची, किती वेळा वाजवायची, दुपारी झोपमोड नको म्हणून वाजवायचीच नाही, हे सगळं बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे. कोकिळेचा आवाज येणार की टिंग-टाँग, ते मात्र कारखान्यात ठरून गेलेलं. कितीही हुशार पाहुणा आला तरी बटण दाबून वेगळा सूर काढू शकत नाही.

माकडाचा आवाज बराचसा असाच आहे. स्क्विरल मंकीची पिलं मोठ्या माकडांचे आवाज कानावर न पडू देता वाढवली, त्यात एक पिलू तर बहिरंही होतं, तरी त्यांनी जातीचे आवाज जवळजवळ जसेच्या तसे काढले. हा प्रयोग १९७३ चा. पुढे ऱ्हीसस आणि जपानी माकडांची पिलं अदलाबदल करून वाढवली. दत्तक पिलांनी आवाज आपल्याच जातीचे काढले, पण दत्तक आईच्या जातीच्या हाकांचा अर्थ ती शिकली. आयाही या परक्या पिलांच्या हाका ओळखायला शिकल्या. सूर जन्मजात, अर्थ शिकलेला.

बटण हातात आहे म्हणजे काय, याचाही पुरावा आहे. जर्मनीत ट्युबिंगेन इथं स्टेफेन हागे आणि आंद्रेआस नीडर यांनी ऱ्हीसस माकडांना पडद्यावर खूण दिसली की आवाज काढायचा, असं शिकवलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागातल्या काही पेशी अशा मुद्दाम काढलेल्या आवाजाच्या आधी जाग्या होतात. माकड आपलं आपण ओरडलं तेव्हा त्या गप्प असतात. म्हणजे 'ओरडायचं आहे' हा निर्णय वर होऊ शकतो. 'काय ओरडायचं' याची तयारी मात्र तळघरातच.

माकडांना मन नाही, असा याचा अर्थ काढू नका. सुमात्रातल्या थॉमस लंगूरांच्या नराला वाघाचं सोंग दाखवलं, तर टोळीतल्या प्रत्येकानं एकदा तरी प्रतिसाद देईपर्यंत तो ओरडत राहतो. कोण ओरडलं आणि कोण राहिलं, याची मोजदाद तो कुठंतरी ठेवतो. एवढी जाण असलेला प्राणी नुसता घाबरून किंचाळत नसतो.

## 'पण त्यांचा गळाच तसा नसेल हो'

हे स्पष्टीकरण मोठमोठ्या लोकांनीही दिलेलं आहे. माकडाचं स्वरयंत्र वर, तोंडाची पोकळी वेगळी, म्हणून त्याला आ-ई-ऊ काढताच येत नाहीत, असा सिद्धांत १९६९ मध्ये मांडला गेला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकला.

२०१६ मध्ये टेकुमसे फिच आणि आसिफ गझनफर यांच्या गटानं जिवंत मॅकाक माकडाच्या तोंडाचं एक्स-रे चित्रण केलं. खाताना, जांभई देताना, ओठ हलवताना तोंडाची पोकळी कोणकोणते आकार घेते ते मोजलं आणि ते आकार संगणकात घालून आवाज तयार केला. त्यांनी निवडलेलं वाक्यही गमतीचं होतं. 'माझ्याशी लग्न करशील का?' हा प्रश्न माकडाच्या घशातून इंग्रजीत ऐकू आला. थोडा घोगरा, पण समजेल असा. हाडामांसाचं यंत्र तयार आहे, चालवणारा नाही.

गळ्यात फरक नाहीच असंही नाही. स्वरतंतूंच्या काठावर माकडांना एक पातळ पापुद्रा असतो. २०२२ मध्ये ४३ जातींची स्वरयंत्रं तपासली, तेव्हा तो सगळ्यांत सापडला. माणसात तो नाहीसा झालेला आहे. पापुद्रा असला की आवाज कर्कश आणि फाटका निघतो, सूर स्थिर राहत नाही. वानराच्या खॅक्‌मधला खरखरीतपणा काही अंशी याच्यामुळे असावा, असा माझा अंदाज.

पण खरा फरक वायरिंगचा. माणसाच्या मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरातून, स्वरयंत्राचे स्नायू चालवणाऱ्या पेशींपर्यंत थेट तंतू उतरतात. चिंपांझीत ते तुरळक आहेत, माकडांत जवळपास नाहीतच. बाह्यकातली स्वरयंत्राची जागा दोन्ही बाजूंनी गेली, तर माणूस बोलू-गाऊ शकत नाही. माकडाची तीच जागा गेली, तर ते पूर्वीसारखंच ओरडत राहतं.

## 'आणि पोपट? तो तर राम राम म्हणतो'

म्हणतो. कारण नाते दूरचे असले तरी वायरिंग त्याच्याकडे आहे. पोपट आणि गाणारे पक्षी यांच्या मेंदूच्या वरच्या भागातून आवाजाच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींकडे थेट तंतू जातात. ऐकलेला आवाज साठवणं, स्वतःचा आवाज त्याच्याशी ताडून पाहणं आणि दुरुस्त करणं, याची सोय त्यांच्याकडे आहे. उत्क्रांतीत हे आमच्या-तुमच्या घराण्याबाहेर स्वतंत्रपणे घडलं. माणसाच्या जवळचा कोण, यावर बोलणं ठरत नाही.

## ऐकणारा मेंदू

आता दुसरी बाजू, आणि ही फार श्रीमंत आहे.

कानातून आलेला आवाज मेंदूच्या देठातून चढत चढत कानशिलाच्या आतल्या बाह्यकात पोहोचतो. आधी शुद्ध सूर ओळखणाऱ्या पेशी लागतात. त्यांच्या बाजूच्या पट्ट्यात गुंतागुंतीचे आवाज पसंत करणाऱ्या. जोसेफ राउशेकर यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं, की या पट्ट्याचा पुढचा भाग 'कुठली हाक आहे' याकडे जास्त लक्ष देतो आणि मागचा भाग 'कुठून आली' याकडे. वाघ, आणि वाघ नाल्याच्या पलीकडे, या माहितीचे दोन तुकडे दोन ठिकाणी तयार होतात.

माणसाच्या मेंदूत फक्त मानवी आवाजाला जास्त प्रतिसाद देणारी जागा २००० मध्ये सापडली होती. हे माणसाचंच वैशिष्ट्य असेल, असं काहींना वाटलं. २००८ मध्ये ख्रिस्तोफर पेटकॉव्ह यांच्या गटानं ऱ्हीसस माकडांना एमआरआयमध्ये ठेवून आवाज ऐकवले: त्यांच्या जातीचे, दुसऱ्या प्राण्यांचे, निसर्गातले. माकडाच्या मेंदूतही आपल्या जातीच्या आवाजाला जास्त उजळणारी जागा निघाली. इतकंच नाही, आवाज कुणाचा, म्हणजे ओरडणारं माकड कोणतं, हे बदललं की तिथला प्रतिसादही बदलत होता. फोनवर नुसत्या 'हं' वरून आपण बहिणीला ओळखतो, त्यासाठी लागणारं सामान माकडाकडे आधीपासून आहे.

जपानी माकडांत या ऐकण्याला डावी-उजवी बाजूही आहे. १९८४ चा प्रयोग सांगतो, की कानशिलाकडचा डावा भाग गेला, तर आपल्याच जातीच्या दोन हाकांमधला फरक त्यांना काही काळ कळेनासा होतो. उजवा गेला तर होत नाही. दोन्ही गेले तर फरक कायमचा हरवतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. मार्मोसेट स्वतः आवाज काढायच्या किंचित आधीच त्याच्या ऐकण्याच्या बाह्यकातल्या बऱ्याच पेशी मंदावतात. आता येणारा आवाज माझाच आहे, याची सूचना त्यांना आतून मिळालेली असते. पण प्रयोगात त्याचा आवाज बदलून त्याच्या कानावर टाकला, तर त्या पेशी पुन्हा चेवतात. बोलता बोलता स्वतःवर लक्ष ठेवण्याची ही सोय आहे, आणि गोंगाट वाढला की माकडंही आवाज चढवतात.

## केनियातला लपवलेला स्पीकर

मेंदूत तारा न घालताही ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते काढता येतं. केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगवेगळे आवाज काढतात. १९८० मध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी झुडपात स्पीकर लपवून नुसते ध्वनिमुद्रित आवाज वाजवले. समोर शिकारी प्राणी कुठलाच नाही. बिबट्याचा आवाज लागला की माकडं झाडावर. गरुडाचा लागला की वर बघायचं आणि झुडपात घुसायचं. सापाचा लागला की मागच्या दोन पायांवर उभं राहून गवतात शोधायचं.

त्याच वर्षी चेनी-सेफार्थ यांनी अजून भारी प्रयोग केला. एका पिलाची किंकाळी स्पीकरवर वाजवली. त्याच्या आईनं स्पीकरकडे पाहिलं, हे अपेक्षितच. पण शेजारी बसलेल्या बाकी माद्यांनी त्या आईकडे पाहिलं! 'हे हिचं पोर' हे त्यांना आवाजावरून कळलं होतं. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं लग्नघरच आलं.

सेनेगलमधला एक अलीकडचा प्रयोग तर सगळा वाद एका दमात मिटवतो. तिथली ग्रीन मंकी व्हर्वेटांची भाऊबंद, पण लाखो वर्षांपूर्वी वेगळी झालेली. ज्युलिया फिशर यांच्या गटानं त्यांच्यावरून ड्रोन उडवला. ड्रोन त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांनी जो आवाज काढला, तो पूर्व आफ्रिकेतल्या व्हर्वेटांच्या गरुडाच्या आवाजाशी विलक्षण मिळताजुळता होता. कारखान्यातला सूर! पण नंतर नुसता ड्रोनचा घरघराट स्पीकरवर ऐकवला, तर माकडं आकाशात बघायला लागली आणि पळाली. नव्या आवाजाचा अर्थ त्यांना एकदोन अनुभवांतच कळला होता. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पेंचमधल्या चितळाचंही तसंच. वानर चितळासाठी ओरडतं असं म्हणायला आधार नाही. चितळ मात्र वानराचं खॅक् म्हणजे काय ते जाणून आहे.

## मग मार्मोसेटांच्या नावांची बातमी खोटी का?

खोटी नाही, फुगवलेली आहे. मार्मोसेट हे ब्राझीलचं तीन-चारशे ग्रॅमचं माकड. आई-बाप मिळून पिलं वाढवतात, आणि एकमेकांपासून दूर झाले की 'फी' अशी लांब शिट्टी घालतात. एकाची संपली की दुसरा जवळपास पाच सेकंद थांबून मग उत्तर देतो, मधे तोंड घालत नाही. (आमच्याकडच्या टीव्ही चर्चांना एखादं मार्मोसेट बोलवावं.) पिलाच्या वेड्यावाकड्या रडण्याचं स्वच्छ 'फी'त रूपांतर व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि आई-बाप त्याला जितकं उत्तर देतात तितकं ते लवकर होतं, हे २०१५ मध्ये दिसलं. मधेच गोंगाट केला तर मार्मोसेट शिट्टी तोडूही शकतं, पण ठराविक तुकड्याच्या शेवटी. अधल्यामधल्या जागी नाही.

२०२४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की समोर कोण आहे त्यानुसार या शिट्टीत बारीक फरक पडतो, हाक आपल्यासाठी आहे का ते ऐकणाऱ्याला कळतं, आणि एका कुटुंबातले सदस्य एखाद्यासाठी सारख्याच धाटणीची शिट्टी वापरतात. म्हणजे बेलचा सूर अगदीच गोठलेला नाही. थोडा पिळता येतो. हे मोठं आहे. पण नवे आवाज घडवून, ते जोडून, काल घडलेली गोष्ट आज सांगणं यापासून ते फार दूर आहे. 'माकडाचं भाषांतर करणारं अ‍ॅप' म्हणणाऱ्याला विचारा: कुठल्या जातीचं, कुठल्या प्रसंगातलं, आणि ऐकणाऱ्यानं काय केलं ते तपासलं का? संगणक हाकांचे गट पाडून देईल, कोण ओरडलं तेही सांगेल. वाक्यं तो आपल्या मनानं घालेल.

## आणि हे प्रयोग?

मेंदूत तारा घालणं, भाग काढून टाकणं हे वाचताना पोटात कालवतं. कालवायलाच हवं. या विषयातलं मूळ ज्ञान अशाच प्रयोगांतून आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातले काही आज कुणी मागितले तर परवानगी मिळणं कठीण आहे, आणि ते बरंच आहे. लपवलेल्या स्पीकरनं दिलेली उत्तरं मला तरी तारांच्या उत्तरांपेक्षा कमी खोल वाटत नाहीत.

## तळघर आपल्यातही आहे

माणसात थेट तंतू आले, म्हणून जुना मार्ग गेला नाही. आपण हसतो, हुंदके देतो, अचानक किंचाळतो ते बऱ्याच अंशी त्याच करड्या थरातून. मेंदूचा वरचा भाग तयारच न झालेली बाळं कधीकधी जन्मतात, तीही रडतात.

म्हणूनच लकव्यानं वाचा गेलेल्या घरच्या माणसाबद्दल एक गोष्ट नातेवाइकांना चकवते. आजोबांना पाणी मागता येत नाही, पण ठेच लागली की कचकचीत शिवी स्पष्ट येते, नातवाला पाहून खळखळून हसतातही. 'नाटक करून राहिले का?' असं कुणीतरी म्हणतंच. नाटक नसतं. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूवरून बोलण्याची जागा दाखवली, तो प्रत्येक गोष्टीला 'टान' एवढंच म्हणायचा. फार चिडला की मात्र शिवी हासडायचा. शब्द जुळवण्याचा मार्ग तुटलेला, भावनेतून सुटणाऱ्या आवाजाचा शाबूत. अशा माणसावर चिडण्यापेक्षा त्याला वाचा-उपचार करणाऱ्यांकडे लवकर न्या.

## काटोलच्या बागेत भोंगा का फसतो

शेवटी संत्र्याच्या बागांबद्दल. काटोल-नरखेडकडे वानरांनी आणि माकडांनी बागायतदारांना जेरीस आणलंय. फटाके, गोफण झाली, मग कुणीतरी वाघाच्या डरकाळीचा भोंगा आणतं. पहिले काही दिवस बाग मोकळी होते. मग टोळी परत येते आणि भोंग्याच्या शेजारच्या फांदीवर बसून संत्रं सोलते.

कारण वर आलंच आहे: त्यांचा ऐकणारा मेंदू शिकतो, आणि आवाज कुणाचा ते लक्षात ठेवतो. चेनी-सेफार्थ यांनी १९८८ मध्ये एकाच व्हर्वेट मादीची 'शेजारची टोळी आली' अशी हाक पुन्हा पुन्हा वाजवली. टोळी मात्र कधी आलीच नाही. बाकीच्यांनी त्या मादीच्या हाकेकडे लक्ष देणं सोडलं. मग तिचीच, त्याच अर्थाची पण वेगळ्या आवाजाची दुसरी हाक वाजवली, तिलाही कुणी जुमानलं नाही. दुसऱ्या माकडाच्या आवाजात तीच बातमी आली, तेव्हा मात्र सगळी सावध झाली. एकच क्लिप ठराविक वेळानं वाजवणारा भोंगा म्हणजे ती पत गेलेली मादी.

भोंगा लावायचाच असेल, तर क्लिपा अनेक ठेवा, वेळ ठरवू नका, जागा बदलत राहा, आणि अधूनमधून आवाजापाठोपाठ कुत्रं किंवा माणूस खरंच धावून आला पाहिजे. म्हणजे रखवालदार लागतोच. दुकानदार भोंग्याची किंमत सांगेल, त्यात रखवालदाराची मजुरी धरून मग घ्यायचा की नाही ते ठरवा.